दोन ताऱ्यांची किंमत

हॉकी म्हटलं की आपल्याला मैदानावरची हॉकी आठवते. आज बोलू या उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीबद्दल. पण गोलांविषयी नव्हे, पगारांविषयी.

तिथल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये २००५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला कमाल मर्यादा आहे. मालक कितीही धनवान असो, मर्यादा सर्वांना सारखीच.

शिकागो ब्लॅकहॉक्स संघाने २०१०, २०१३ आणि २०१५ साली स्टॅनले चषक जिंकला. जोनाथन टेव्ज आणि पॅट्रिक केन हे त्याचे दोन तारे. २०१४ मध्ये संघाने दोघांशी आठ वर्षांचे करार केले. प्रत्येकी वर्षाला सरासरी १ कोटी ५ लाख डॉलर. करार २०१५-१६ च्या हंगामापासून लागू झाले, तेव्हा मर्यादा होती ७ कोटी १४ लाख. म्हणजे जवळजवळ तीस टक्के रक्कम दोघांतच संपली. उरलेल्या पैशांत वीसएक खेळाडू बसवायचे! चषक जिंकून काही आठवडे होतात न होतात, तोच ब्रँडन साड आणि पॅट्रिक शार्प यांना दुसऱ्या संघांकडे धाडावं लागलं. त्यानंतरच्या दहा वर्षांत शिकागोला चषक मिळाला नाही.

पिट्सबर्गच्या सिडनी क्रॉस्बीने २०१२ मध्ये बारा वर्षांचा करार केला, वर्षाला सरासरी ८७ लाखांचा. मर्यादा वाढत गेली, त्याचा आकडा तोच राहिला. वाचलेल्या पैशांत संघाला जोडीदार ठेवता आले. २०१६ आणि २०१७ चे चषक पिट्सबर्गने जिंकले.

टेव्ज आणि केन यांनी आपल्या हक्काचंच मागितलं, त्यांना दोष कसा द्यावा? पण ताट एकच असलं, की एकाने वाढून घेतलेला घास दुसऱ्याच्या वाट्यातून जातो, एवढं खरं.