समुद्रतळाचा एक लहान रहिवासी

श्रोतेहो, आठवड्याच्या बाजारात मिळणारी सुकट आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. जवळा, कोळंबी, खेकडा ही सारी कवचधारी प्राण्यांच्या कुळातली मंडळी. त्याच कुळातला एक दूरचा भाऊबंद आज पाहू. त्याचे घर प्रशांत महासागरातील मारियाना गर्तेत, सहा ते सात हजार मीटर खोल. तुंगार्लीच्या धरणावर आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंच असतो. त्याच्या दहापट समुद्रात खाली उतरावे, तेव्हा त्याचा मुक्काम लागतो.

तिथे सूर्याचा किरण पोचत नाही. पाणी बर्फासारखे गार, आणि दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे सहाशे किलोंचा भार! मग हा जेमतेम दोन इंचांचा जीव चिरडत कसा नाही? कारण त्याच्या अंगात हवेची पोकळीच नाही. आतल्या द्रवाचा दाब बाहेरच्या पाण्याइतकाच असतो.

त्याचे अंग दोन्ही कुशींनी चेपलेले, पाठ स्वल्पविरामासारखी वाकलेली. छातीला पायांच्या सात जोड्या. पहिल्या दोन अन्न धरण्यासाठी. पोटाकडच्या पायांनी तो पोहतो. मादी अंडी छातीखालच्या पिशवीत सांभाळते. वरून मेलेला मासा पडला, की वासाच्या मागाने ही मंडळी धावतात आणि मिळेल ते भराभर गिळतात. तिथे अन्नाचाच दुष्काळ. निवडत बसणारा उपाशी राहतो, बरं का!

घात झाला तो इथेच. इंग्लंडातील न्यूकॅसल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना अशा एका पिलाच्या पोटात प्लॅस्टिकचा बारीक धागा सापडला. लांबी एका मिलिमीटरहून कमी. पाण्याच्या बाटल्या आणि पॉलिएस्टरचे कापड ज्याचे करतात, त्याच जातीचा. 2020 साली या नव्या जातीचे बारसे झाले, आणि नाव ठेवले ‘यूरिथिनीस प्लॅस्टिकस’. माणसाने पाहण्याआधीच माणसाचा कचरा त्याच्यापर्यंत पोचला होता.

तो धागा कुठल्या गावचा, हे कोणी सांगू शकणार नाही. पण वाट सर्वत्र सारखीच. पावसाळ्यात धरणावर टाकलेली बाटली ओढ्यात जाते, ओढ्यातून नदीत. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. घाटाखाली उतरणारे पाणी अरबी समुद्र गाठते. वाटेत उन्हाने आणि घासाने प्लॅस्टिकचे कण होतात. कुजत मात्र नाहीत.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मूठभर सुकट पाण्यात भिजवून मुलांना भिंगातून दाखवा. जवळ्याचे डोळे देठावर असतात. आपल्या पाहुण्याचे डोक्यालाच चिकटलेले. मुले पाय मोजतील, मिशा पाहतील. मग या धाग्याची हकिगत सांगा. त्यानंतर ओढ्याकाठची बाटली उचला, असे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.