उन्हातला समूहफोटो



हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या प्रांगणात पुन्हा एकदा समूहफोटोंच्या रांगा लागतील. वर्गाचा फोटो घरी आला की पालकांची नजर त्यात एकच चेहरा शोधते. तो चेहरा काळवंडलेला, डोळ्यांच्या जागी दोन सावल्या असलेला निघाला, तर बाकीचा फोटो कितीही देखणा असला तरी त्या घरापुरता तो वाया गेलेला असतो. म्हणून उन्हातील छायाचित्रणाचा विचार मुलांच्या बाजूने व्हायला हवा.

दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. समोर पन्नास पांढरे सदरे झळकत असले की त्याला उजेड फार वाटतो आणि तो सारे चित्र गडद करतो. सदरे करडे होतात, चेहरे काळोखात जातात. मागे गर्द झाडी असेल, तर उलट घडते आणि सदरे पांढरेफटक होऊन त्यांच्या चुण्याही दिसेनाशा होतात.

फिल्मच्या काळातील छायाचित्रकार यावर एक साधा नियम पाळत. लख्ख ऊन समोरून पडत असेल, तर छिद्र एफ-16 आणि शटरचा वेग फिल्मच्या संवेदनशीलतेच्या आकड्याइतका; म्हणजे 100 च्या फिल्मला सेकंदाचा सुमारे 125 वा भाग. एफ-8 ठेवल्यास तोच वेग 500 वा भाग होतो. हा नियम पडणारा उजेड मोजतो, कपड्यांचा रंग नव्हे. म्हणून पांढरा गणवेश त्याला फसवू शकत नाही.

तथापि, माध्यान्हीच्या उन्हाची अडचण नियमाने सुटत नाही. सूर्य डोक्यावर असता पांढरा सदरा आणि भुवयांखालची सावली यांतील अंतर इतके वाढते, की दोन्हींतला तपशील एकाच चित्रात नीट टिकत नाही. त्याचा सर्वाधिक फटका सावळ्या मुलांना बसतो. रंगीत छपाईचे संतुलन ठरवण्यासाठी प्रयोगशाळा अनेक दशके गोऱ्या वर्णाच्या स्त्रीचे चित्र असलेले नमुनापत्र वापरत, हा इतिहासही विसरता येत नाही.

यावर पहिला उपाय जागेचा. इमारतीच्या सलग सावलीत, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून सर्वांना उभे करावे. सदरा आणि चेहरा यांतील तफावत तेथे आपोआप कमी होते. अर्धी रांग उन्हात, अर्धी सावलीत असे कदापि नसावे. कडुनिंबाखालची कवडशांची सावलीही टाळावी. ती चेहऱ्यांवर ठिपके उमटवते. मागे उन्हाने तापलेली भिंत नको. दुसरा उपाय वेळेचा: सकाळच्या प्रार्थनेनंतर लगेच किंवा दुपार कलल्यावर.

सावली नसेलच, तर सूर्य मुलांच्या पाठीशी घ्यावा. डोळे मिचकावे लागत नाहीत आणि सर्व चेहऱ्यांवर एकसारखा मंद उजेड राहतो. उजेड मात्र चेहऱ्यांवरून मोजावा, किंवा एक्स्पोजर एका टप्प्याने वाढवावे. पार्श्वभूमी थोडी फिकट झाली तरी चालेल. भिंगावर थेट ऊन पडू नये म्हणून हाताचा आडोसा धरावा. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी किंचित वर सरकवली की काम होते. लहान फ्लॅशवर भिस्त ठेवू नये; अंतर दुप्पट झाले की त्याचा उजेड चौथाईवर येतो आणि मागची रांग उपाशी राहते.

पहिला फोटो टिपताच तो पडद्यावर मोठा करून पाहावा, तोही मागच्या रांगेतील कडेच्या मुलापासून. त्याचे डोळे स्पष्ट दिसले, तरच रांगा मोडण्याची परवानगी द्यावी. मुले एकदा पांगली की तोच समूह पुन्हा जमत नाही. मधल्या सुट्टीतही नाही आणि साठ वर्षांनंतर तर नाहीच.