उलटलेला टँकर आणि महामार्गालगतचे गाव
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



महामार्ग ज्या गावांच्या शिवारातून जातो, त्या गावांना त्यावरून जाणाऱ्या मालाचाही शेजार घडतो. पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस आणि कारखान्यांची रसायने यांचे टँकर रात्रंदिवस धावत असतात. त्यांतील एखादा वळणावर उलटला, की अग्निशामक दल तालुक्याहून किंवा औद्योगिक वसाहतीतून निघते. जवळच्या वस्तीवरील माणसे मात्र त्याआधीच तेथे पोचलेली असतात. साहजिकच पहिला अर्धा तास गावाच्या हाती राहतो.

या अर्ध्या तासात काय घडू शकते, ते २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात दिसले. बहावलपूरजवळच्या अहमदपूर शर्किया येथे सकाळी सुमारे ४० हजार लिटर पेट्रोल घेऊन जाणारा टँकर उलटला. तो लगेच पेटला नाही. ईदचा आदला दिवस होता. बातमी पसरली आणि बायका, पुरुष, मुले बादल्या, डबे, बाटल्या घेऊन धावली. कित्येकजण मोटारसायकलींवरून आले. पोलिसांनी गर्दी हटविण्याचा प्रयत्न केला, तो व्यर्थ गेला. पुढे भडका उडाला आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. भाजलेल्यांना हेलिकॉप्टरने मुलतानला न्यावे लागले. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी नायजेरियातील माजिया या गावी हाच प्रकार घडला. तेथे दीडशेहून अधिक बळी गेले.

अशा माणसांना लुटारू म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्या घरात लिटरभर पेट्रोलची किंमत जाणवते, त्या घरातील माणूस ते मातीत जिरताना पाहून धावणारच. त्याला कायद्याचा धाक घालण्याआधी पेट्रोलच्या वाफेची ओळख करून द्यावयास हवी, आणि ते काम शाळेइतके चांगले दुसरीकडे होणार नाही.

जळते ती वाफ, द्रव नव्हे. शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सियस तापमानालाही पेट्रोलमधून पेटण्याजोगी वाफ निघते. मग वैशाखातील दुपारची कल्पना करावी. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे वर उडून जात नाही; चर, नाला, मोरी यांतून जमिनीलगत पसरते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्का झाले तरी ठिणगी पुरते. ती विडीची असेल, मोटारसायकलच्या किकची असेल किंवा वाऱ्याच्या दिशेला असलेल्या एखाद्या घरातील चुलीची असेल. तेथे पेटलेली आग वाफेच्या मागाने उलट टँकरपर्यंत येते. पाण्याने काम भागेल हा समजही घातक आहे. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि जळत जळत पुढे वाहते. त्यावर उपाय फेसाचा, आणि तो दलाजवळच असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये अशा वाहनाच्या दोन्ही बाजूंस व मागे आपत्कालीन माहितीचा फलक असावा लागतो. त्यावरील चार अंकी क्रमांक लांबूनच वाचावा: १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ स्वयंपाकाचा गॅस, १२३० मिथेनॉल. ११२ किंवा महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर दूरध्वनी करताना हा आकडा सांगितल्यास दल योग्य सामग्री घेऊन निघते. मिथेनॉलला वेगळ्या प्रकारचा फेस लागतो, आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही.

सरपंच व पोलीस पाटील यांनी अंतराचा आग्रह धरावा. सांडलेल्या पेट्रोलपासून सर्व बाजूंनी किमान ५० मीटर. गळती मोठी असल्यास वाऱ्याच्या दिशेने ३०० मीटरपर्यंतची घरे रिकामी करण्याचा विचार. टँकरच पेटला तर ८०० मीटर, आणि गॅसचा असल्यास १६०० मीटर. उभे राहावयाचे ते वारा पाठीशी घेऊन, चढाच्या बाजूस. वाहतूक दोन्हीकडून थांबवावी. पुलाखालचा रस्ता विसरू नये. १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कुणे येथील पुलावर टँकर उलटून पेटला, तेव्हा जळता द्रव खालच्या रस्त्यावर पडला. त्या दुर्घटनेत चौघांचा मृत्यू झाला.

चालक केबिनमध्ये अडकला असेल, तर प्रश्न फार कठीण होतो. एक-दोघांनीच, वाऱ्याच्या मागून, खिशात काडेपेटी वा मोबाइल न ठेवता जावे. पेट्रोलच्या डबक्यातून जावे लागत असेल तर मात्र दलाची वाट पाहावी. दहाजण धावून गेल्याने चालक वाचत नाही.

दल आल्यावरही काम तासन्‌तास चालते. उरलेला माल दुसऱ्या टँकरमध्ये घेताना स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून दोन्ही वाहने तारेने जोडून जमिनीशी जोडतात. त्यानंतरच क्रेन लागते. या वेळी लोक कंटाळून पुन्हा जवळ सरकतात, तेव्हा दोरी धरून उभी राहणारी गावातली ओळखीची माणसे पोलिसांइतकीच उपयोगी पडतात. रस्ता खुला झाल्यावर ग्रामपंचायतीने उताराकडील नाला व विहिरी पाहाव्यात, आणि तपासणी होईपर्यंत त्यांचे पाणी माणसांना वा जनावरांना देऊ नये.