नाताळचे ताट आणि सरलेले वर्ष

गोव्यात नाताळाला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाणाऱ्या गोडाच्या ताटाला कोंसुआद म्हणतात. त्यात नेवऱ्या, बिबिंक, चणाडाळ-नारळाचे दोस असतात. त्यातलाच दोदोल फार कष्टाचा. तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ तासन्‌तास ढवळत राहावे लागते. कडेला तेल सुटले की तो झाला.

हे ताट ते पाठवणाऱ्या घराचे सरलेले वर्षही सांगते. घरात मृत्यू झाला असेल, तर गोडधोड सहसा होत नाही. शेजारीच ताट पोचवतात. हिंदू घरांत दुखवट्याच्या वर्षी चतुर्थी-दिवाळीला हीच रीत. दिवाळीचा फराळ ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे जातो आणि नाताळात त्यांचे ताट येते, ही देवघेव फार मोलाची आहे.

वर्ष कठीण जाते ते केवळ मृत्यूने नव्हे, कमाई थांबल्यानेही. डिचोली तालुक्यातील सुर्ल्याच्या खाणपट्ट्यात घरोघरचे चढउतार लोहखनिजाशी बांधलेले राहिले. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या. खनिज वाहणारा ट्रक दारात उभा आणि त्याच्या कर्जाचे हप्ते चालूच, अशी वेळ खाणभागातल्या अनेकांवर आली. ज्या घराचे वर्ष कठीण गेले, तिथे पहिले ताट पोचवावे.