बाघची चुनखडी आणि सागरतळाचा काळा गाळ



मानपूरची ही भूमी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या काळ्या खडकाची आहे. त्याहून जुना खडक पाहावयाचा असेल, तर धार जिल्ह्यातील बाघच्या परिसरात जावे. तेथील चुनखडीत समुद्री जीवांचे अवशेष सापडतात. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता, याची ती साक्ष होय. त्या उथळ पाण्याच्या तळाशी जीव नांदत होते. अर्थात तेथे प्राणवायू होता.

इतरत्र मात्र स्थिती निराळी होती. सुमारे ९.४ कोटी वर्षांपूर्वी जगातील अनेक सागरांच्या खोल पाण्यात प्राणवायू उणावला. मृत जीवांचे अवशेष पूर्ण न कुजता गाळात गाडले गेले व त्यांतील कार्बन बंदिस्त झाला. इटलीतील गुब्बिओजवळ तो काळा थर आजही दिसतो.

किती कार्बन गाडला गेला, हे कसे ओळखावे? कालांतराने त्याचा काही भाग नष्ट होतो. म्हणून खडकात अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या धातूंची साक्ष काढावी लागते. निकेल व तांबे हे धातू सूक्ष्म जीवांच्या अवशेषांबरोबर तळाशी येतात. मॉलिब्डेनम प्राणवायुयुक्त पाण्यात विरघळलेला राहतो. साचलेल्या डबक्याचा काळा चिखल ढवळला असता सडक्या अंड्यांसारखा वास येतो. तोच वायू सागरतळी निर्माण झाला की मॉलिब्डेनम गाळात अडकतो. मात्र एकाच धातूवरून निर्णय देऊ नये. सागरातील मॉलिब्डेनमच घटला असेल, तर प्राणवायुहीन गाळातही तो थोडाच मिळतो. म्हणून अनेक साक्षी पडताळाव्या लागतात.

हा केवळ इतिहास नव्हे. अरबी समुद्रात सुमारे १५० ते १००० मीटर खोलीवर आजही प्राणवायू अत्यल्प आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला आहे. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. निसर्गाने लक्षावधी वर्षांत गाडलेला कार्बन आपण कोळसा व खनिज तेलाच्या रूपाने काही पिढ्यांत जाळीत आहोत. पूर्वी सागराला सावरण्यास काही लाख वर्षे लागली, हे विसरू नये.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना बाघचा खडक अवश्य दाखवावा. परंतु अवशेष फोडू अथवा उचलू देऊ नयेत. ही साक्ष एकदा नष्ट झाली, तर पुन्हा मिळणार नाही.