शेपटी कुणाची, गोष्ट कुणाची

(दहावीच्या १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्याभरात तुमच्यापैकी चौघांनी मला फोन केला आणि चौघांनी साधारण एकच प्रश्न विचारला. "पोरगं दिवसभर काहीतरी चितारत बसतं. अ‍ॅनिमेशनच्या मोठ्या कंपनीत लागेल का रे?" संयोजकांनी म्हणून मला हा विषय दिला. मोठा स्टुडिओ की छोटा? मी दोन्हीकडे काढलेत, तेव्हा बोलायला हरकत नाही.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो, कारण तिचे साक्षीदार इथे बसलेत. आठवीत माझ्या बीजगणिताच्या वहीच्या कोपऱ्यात पानापानावर एक माणूस काढलेला होता. पानं फर्रकन सोडली की तो पळायचा. सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने काढायचं म्हटलं तरी निदान १२ चित्रं लागतात. शंभर पानी वहीत पानं पन्नास, म्हणजे माझा माणूस जेमतेम चार सेकंद पळायचा. गणिताच्या सरांनी वही पकडली. छडी मारली, पण त्याआधी त्यांनी तो माणूस दोनदा पळवून पाहिला. सर, ते मी पाहिलं होतं.

इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा, मग कोल्हापुरात उपयोजित कला, आणि २००१ मध्ये मुंबईत एका मोठ्या स्टुडिओत नोकरी. दोनशेवर माणसं. गोष्ट परदेशातून यायची, स्टोरीबोर्ड तिकडून यायचा, पात्रांचे आवाजसुद्धा आधीच रेकॉर्ड होऊन यायचे. आम्ही फक्त हालचाल भरायची. पहिले आठ महिने माझ्याकडे एका खारीची शेपटी होती. खारीचं अंग दुसरा मुलगा करायचा, शेपटी मी. आई फोनवर विचारायची, "तिथे नेमकं काय करतोस?" मी म्हणायचो, "शेपटी हलवतो." तिला त्याचा वेगळाच अर्थ लागायचा, आणि तोही अगदीच चूक नव्हता.

पुढे मला अख्खी पात्रं मिळाली. एका मालिकेत एक म्हातारी होती. एका प्रसंगात तिला आश्चर्य वाटतं. मी तिला माझ्या आजीसारखं केलं: तर्जनी हनुवटीला, मान किंचित तिरकी, भुवया वर. "अगं बाई!" म्हणताना आपल्याकडच्या बायका करतात तसं. तिकडून शेरा आला, "हिची दाढ दुखतेय का? काढून टाका." काढली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आज वाटतं, दिग्दर्शकाचं चुकलं नव्हतं. त्याच्या प्रेक्षकांना ती दाढदुखीच दिसली असती. त्याची गोष्ट, त्याचे पैसे.

पण त्याच स्टुडिओने मला काय दिलं तेही सांगायला हवं. चालणाऱ्या माणसाचं वजन कमरेतून कसं दिसतं हे एका वरिष्ठांनी शिकवलं. एकच चाल अकरा वेळा परत करायला लावली. रोज सकाळी सगळ्यांचं काम मोठ्या पडद्यावर लावायचे आणि तीस जणांसमोर चुका निघायच्या. आपले चित्रकलेचे सर खोडरबर काढून घ्यायचे ना, त्याच जातीचं शिक्षण. आणि पगार एक तारखेला. घराचा हप्ता त्यावरच चालला.

२०१२ मध्ये मी ती नोकरी सोडली आणि दोन सहकाऱ्यांबरोबर पुण्यात चार खुर्च्यांचा स्टुडिओ काढला. लोकांनी वेड्यात काढलं. पुढच्याच फेब्रुवारीत 'लाइफ ऑफ पाय'मधल्या वाघाला ऑस्कर मिळालं आणि तो वाघ घडवणाऱ्या 'रिदम अँड ह्यूज' कंपनीने त्याच महिन्यात, सोहळ्याच्या आधीच, दिवाळखोरीचा अर्ज केलेला होता. तिचे स्टुडिओ मुंबईत आणि हैदराबादमध्येही होते. तेव्हा मोठं म्हणजे भक्कम, हे डोक्यातून काढा.

आता छोट्या स्टुडिओचं. तिथे गोष्ट आपली असते, असं सगळे म्हणतात. माझ्या अनुभवात तिथे गोष्ट गिऱ्हाइकाची असते. फरक एवढाच की गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं आणि त्याच्याशी मराठीत भांडता येतं. जनावरांच्या लसीकरणावर आम्ही सहा मिनिटांची फिल्म केली. गिऱ्हाइकाचा सगळा जीव बोधचिन्ह किती मोठं दिसतं यात. म्हटलं, करा मोठं. पण लस टोचल्यावर गाय शेपटीचा फटका देते तेव्हा शेजारची म्हातारी हनुवटीला बोट लावते, ते चार सेकंद मी ठेवले. माणदेशातल्या एका गावात ती फिल्म देवळासमोर दाखवली. त्या क्षणाला बायका एकदम हसल्या, आणि पुढच्या रांगेतल्या एका आजीने नकळत स्वतःचं बोट हनुवटीला नेलं. बारा वर्षांत माझ्या वाट्याला आलेलं स्वातंत्र्य मोजायचं तर ते असं, चार चार सेकंदांचं.

बाकी वेळ जातो तो पैसे मागण्यात. जीएसटी बिल पाठवल्याबरोबर भरायचा आणि बिलाचे पैसे सहा महिन्यांनी. "अजून एक छोटासा बदल" नावाचा प्रकार तर कधी संपतच नाही. किती बदल फुकट आणि त्यानंतर किती रुपये, हे आधी लिहून घ्यायचं असतं, हे कळायला मला पाच वर्षं लागली.

आता जे सांगायला उभा राहिलोय ते. आपल्याच वर्गातल्या एकाची मुलगी २०१९ मध्ये माझ्याकडे आली. तिला मोठ्या स्टुडिओचं पत्र आलेलं होतं. मी तिला म्हटलं, तिथे शेपट्या हलवशील, इथे गोष्ट सांगशील. तिने माझं ऐकलं. पुढच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये आमची तीन कामं अडकली आणि मी तिला तीन महिने पगार देऊ शकलो नाही. पैसे नंतर हप्त्याहप्त्याने दिले, पण तोवर ती गेली होती. तिचे वडील इथे दुसऱ्या रांगेत बसलेत. त्याने मला एका शब्दाने विचारलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं. आज ती मोठ्या स्टुडिओत प्राण्यांच्या अंगावरच्या केसांचं काम करते. मध्यंतरी भेटली तेव्हा म्हणाली, "काका, तिथे मला रोज कुणीतरी चूक दाखवतं." माझ्याकडे तिचं सगळं काम छानच म्हणायचो आम्ही. चुका दाखवायला वेळ कुणाला होता?

उलटी उदाहरणं आहेत, माहीत आहे मला. गीतांजली राव यांनी 'प्रिंटेड रेनबो' ही पंधरा मिनिटांची फिल्म हाताने चित्रं काढत जवळपास एकट्याने केली आणि २००६ मध्ये कान महोत्सवात तिला पुरस्कार मिळाले. पण पुढे 'बॉम्बे रोज' हा पूर्ण लांबीचा चित्रपट करायला त्यांनाही स्टुडिओतल्या डझनावारी कलाकारांचे हात लागले. २०२५ मध्ये लॅटव्हियाच्या 'फ्लो'ला ऑस्कर मिळालं, समोर 'इनसाइड आउट २' असताना. आणि 'फ्लो' ज्या ब्लेंडरवर केला ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं. हे ऐकून पोरांचे डोळे चमकतात. त्या चित्रपटामागे तिकडचा सरकारी निधी होता, हे मात्र कुणी सांगत नाही. आपल्याकडे तो निधी म्हणजे बहुतेक वेळा वडिलांचा भविष्य निर्वाह निधी असतो.

म्हणून फोन केलेल्या चौघांना माझं उत्तर हे. आधी चारपाच वर्षं मोठ्या ठिकाणी जाऊ द्या. केलेलं काम आपलं म्हणून केव्हा दाखवता येईल आणि श्रेयनामावलीत नाव येईल का, हे सही करण्याआधी विचारायला सांगा. रोज घरी येऊन स्वतःचे दहा सेकंद करू दे, कुणाच्या परवानगीशिवाय. पुढे छोट्या ठिकाणी यावंसं वाटलं तर सहा महिन्यांचा खर्च बँकेत ठेवून यावं. माझ्याकडे आलं, तर मी या वेळी आधी हिशेबाची वही दाखवीन.

जेवणानंतर आठवी ब च्या वर्गात मी लॅपटॉप लावून बसतोय. चितारणाऱ्या पोरांना वह्यांसकट पाठवा. आणि गणिताच्या सरांना विनंती, तुम्हीही या. तो माणूस मी आता व्यवस्थित पळवलाय.