सारखे ऐकू आले म्हणून
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. मंडळाच्या सभेत सतरंजी घालणे आणि चहाचे पाहणे हे माझे काम. पण यंदा चिटणीसबाईंनी ऐकलेच नाही. विषय तुम्हीच निवडा म्हणाल्या. तेव्हा ज्या विषयाने माझे एकदा चांगलेच नुकसान केले, तोच घेते. विषय आहे सारख्या आवाजाच्या शब्दांचा.

१९७१ साली लग्न होऊन मी मिरजेस आले. माहेर रत्नागिरीकडचे, त्यामुळे कानडीचा गंध नाही. वाड्यात समोरच्या बिऱ्हाडात अथणीकडची एक म्हातारी राही. सगळी तिला अज्जी म्हणत. दुपारी पुरुषांची पाने झाली की मी क्षणभर उंबऱ्यावर टेकत असे. मी टेकले रे टेकले, की समोरून अज्जीचा खणखणीत आवाज येई, “ऊठ आता!” मी चटकन उठून आत जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटे, नव्या सुनेने उंबऱ्यावर बसलेले हिला खपत नाही. सासूबाईंनी कधी बसू नको म्हटले नाही, आणि ही परकी बाई मला उठवते! मी उंबऱ्यावर बसणे सोडले, अज्जीकडे पाहणेही सोडले. पाच महिने मी तिच्याशी अबोला धरला होता, आणि तिला बिचारीला त्याचे कारणही ठाऊक नव्हते.

पुढे मला दिवस राहिले. अन्न पोटात ठरेना. एके दुपारी अज्जी वाटीत मऊ भात आणि वर सार घेऊन आली. हात तोंडाकडे नेऊन म्हणू लागली, “ऊट, ऊट.” सासूबाई हसून म्हणाल्या, “अगं, जेव म्हणतात त्या. कानडीत ऊट म्हणजे जेवण.” मी जागच्या जागी गार झाले. अज्जी रोज विचारत होती, “ऊट आत?” म्हणजे जेवण झाले का? त्या काळी सून सर्वांच्या मागून जेवे. ती जेवली की नाही हे वाड्यात कोणी विचारत नसे. एकटी अज्जी विचारत होती, आणि नेमका तिच्यावरच मी राग धरला होता!

तेव्हापासून मला शब्दांची चौकशी करण्याचे वेड लागले. मिळेल ते पुस्तक वाचले, शिकलेल्या माणसांना विचारले. त्यातून जे हाती आले ते आपल्या घरगुती भाषेत सांगते. सारखे दिसणारे शब्द तीन तऱ्हांचे असतात. काही रक्ताचे नातलग, काही पाहुणे म्हणून येऊन घरचेच झालेले, आणि काहींचा नुसता तोंडवळा सारखा.

आधी नातलग पाहू. आपले मिरज हे इस्पितळांचे गाव. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून ‘सिस्टर’ हा शब्द आपल्या कानांवर आहे. संस्कृतात बहिणीला स्वसृ म्हणतात. सिस्टर आणि स्वसृ खरोखरच एका कुळातल्या. तसेच मातृ आणि मदर, भ्रातृ आणि ब्रदर, दुहितृ आणि डॉटर. विधवा आणि विडो यांचेही मूळ एकच. दुःखाचा शब्दसुद्धा दोन्ही घरांनी तोच जपला. आपले स्टेशन घ्या. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘उभे राहणे’ या अर्थाचा धातू आहे. तो आणि आपला स्था एकाच मुळाचे, म्हणून स्टेशन हे स्थानाचे नातलग.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, हे कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली एका भाषणात मांडले. पण हे ठरवायचे कसे? नुसत्या कानाने नव्हे. संस्कृतात जिथे प, तिथे इंग्रजीत फ येतो: पितृ–फादर, पाद–फूट, पंच–फाइव्ह. जिथे द, तिथे ट: दश–टेन, द्वि–टू, दंत–टूथ. अशी ओळच्या ओळ जुळावी लागते. हा नियम ज्यांनी १८२२ साली व्यवस्थित मांडला ते याकोब ग्रिम म्हणजे मुलांच्या परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरले. गंमत अशी, की या नियमांनी पाहिले तर आपले चक्र आणि इंग्रजांचे व्हील ही सख्खी भावंडे ठरतात. आवाजात आहे का काही साम्य?

आता पाहुणे. बटाटा आणि पोटॅटो हे मुळात एकच. कॅरिबियन बेटांवरचे लोक रताळ्याला बटाटा म्हणत. ते नाव स्पॅनिश लोकांनी उचलले. पोर्तुगीजांबरोबर ते आपल्याकडे आले आणि इंग्रजांच्या तोंडी पोटॅटो झाले. पाव, चावी, घमेले, पगार हेही पोर्तुगीज पाहुणे. उलट आपल्या देशातली लूट इंग्रजीत जाऊन ‘लूट’ म्हणूनच बसली! आणि पानाच्या डब्यातला अडकित्ता घ्या. कानडीत सुपारीला अडिके म्हणतात, त्यावरून तो आला. मलयाळममध्ये सुपारी अडक्क. तोच शब्द पोर्तुगीजांनी नेला आणि त्याचे ‘अरेका’ झाले. आज सुपारीच्या झाडाचे शास्त्रीय नाव तेच आहे.

आणि आता तोंडवळ्याचे शब्द. बदनाम, बदफैली यांतला बद फारसीतून आला. इंग्रजीत वाईटाला बॅड म्हणतात. आवाज तोच, अर्थही तोच. कोणीही म्हणेल, जुळी भावंडे! पण जुन्या फारसीत हा शब्द ‘वद’ असा होता. जितके मागे जावे तितके हे दोघे एकमेकांपासून दूर जातात. नाते काही नाही, केवळ योगायोग. कानडी–मराठीत असे कितीतरी सापडतील. आपली ताई थोरली बहीण, कानडीतली तायि म्हणजे आई. आपण हल्ली म्हणजे अलीकडे म्हणतो, त्यांची हळ्ळी म्हणजे खेडे. आपल्याकडे हाल म्हणजे कष्ट, त्यांच्याकडे हालु म्हणजे दूध. अक्का मात्र दोन्हीकडे थोरली बहीणच.

स्थळ पाहताना आपण नुसत्या चेहऱ्यावर जात नाही. कूळ कोणते, माणसे कुठली, याची चौकशी करतो. शब्दाचीही तशीच करावी. आपल्या गावात मराठी, कानडी, उर्दू रोज एकाच नळावर भेटतात. स्टेशनवर बेळगावची, पंढरपूरची, कोल्हापूरची माणसे उतरतात. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरची बाई काही म्हणते, आपण आपल्याच भाषेतला अर्थ लावतो आणि मन दुखावून घेतो. मुळीच न कळलेला शब्द त्या मानाने बरा, कारण आपण निदान विचारतो तरी. कळला असे वाटलेला शब्दच अधिक फसवतो.

पुढे अज्जीला सासूबाईंनी सारी हकीकत सांगितली, तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नंतर रोज “ऊट आत?” विचारी, आणि मी उंबऱ्यावर बसूनच उत्तर देई, “आतरी,” झाले हो. आज अज्जी नाही. ते पाच महिने मात्र फुकट गेले, ते काही परत आले नाहीत.

म्हणून भगिनींनो, एवढेच मागणे आहे. कोणाचा शब्द लागला, तर रुसण्याआधी एकदा विचारा, “बाई, याचा तुमच्याकडे अर्थ काय?” त्यात कमीपणा नाही.

आता फराळाची वेळ झाली आहे. तेव्हा मीच विचारते, ऊट आत? झाला नसेल तर उठा आता!